ब्रेसला लावलेलं अस्तर

माणसाचं अंग दोन्ही बाजूंनी सारखं नसतं, हे मला शिवणकामाने शिकवलं. पंचवीस वर्षं मी बायकांची मापं घेते आहे. कुणाचा एक खांदा उतरलेला असतो, कुणाची कंबर एका बाजूला भरलेली. बंदरावर मासे विकणाऱ्या बायकांचा तर उजवा दंड डाव्यापेक्षा बोटभर जाड असतो. पण गिऱ्हाइकाला तोंडावर तसं सांगायचं नाही, गुपचूप कापडात सांभाळून घ्यायचं, ही आमच्या धंद्याची रीत. एका बाहीला अर्धा इंच जास्त द्यायचा, एक टक्स थोडा खोल घालायचा. ब्लाउज अंगावर चढला आणि आरशात सगळं सारखं दिसलं की बाई खूश. रत्नागिरीत माझ्या फिटिंगला नाव आहे आणि त्या नावाचा मला चांगलाच माज होता.

माझी मुलगी सातवीत गेली त्या वर्षी तिच्या युनिफॉर्मचा कुर्ता उजवीकडे वर उचलला जाऊ लागला. मी खाली बसून पाहिलं, तोंडात टाचण्या होत्या, आणि म्हटलं, "सरळ उभी राहा गो." ती म्हणाली, "सरळच उभी आहे." मी उजवीकडचा घेर पाऊण इंच सोडला आणि पाठीत एक टक्स घातला. कुर्ता झकास बसला. आठवीत गेल्यावर पाऊण इंच पुरेना, मग मी दीड इंच सोडला. तेव्हाही माझ्या डोक्यात एवढंच आलं की पोरगी पोक काढून चालते. दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर कदाचित मी तिच्या आईला बाजूला घेऊन विचारलं असतं. घरच्या मापाकडे कोण एवढं बघतं?

ते शाळेतल्या खेळाच्या बाईंनी पाहिलं. पोरगी खो-खोच्या संघात होती. पाटीवर ओळीने बसलेल्या मुलींच्या वाकलेल्या पाठी बाईंना मागून दिसत होत्या आणि त्यांत हिच्या पाठीची उजवी बाजू उंचवट्यासारखी वर आलेली होती. बाईंनी मला बोलावून घेतलं. मैदानाच्या कडेला तिला पुढे वाकवलं आणि म्हणाल्या, "तुम्ही हे कधी बघितलं नाही?" मी नाही म्हटलं. ते खोटं होतं. मी ते कापडावर दोन वर्षं बघत होते.

एक्स-रेमध्ये तिचा कणा उजवीकडे वाकलेला दिसला, धनुष्यासारखा. डॉक्टरांनी पट्टी ठेवून कोन मोजला आणि बत्तीस अंश सांगितला. हे बहुतेक मुलींमध्ये कशाने होतं ते कळत नाही, दप्तराने नाही, बसण्याने नाही, तुमच्या कुठल्या चुकीनेही नाही, असं ते म्हणाले. पण उंची वाढत असेपर्यंत हा कोनही वाढू शकतो. आता व्यायाम करायचे, दिवसातले अठरा-वीस तास पाठीला दाबून धरणारा ब्रेस घालायचा आणि वाढ संपेपर्यंत कोन पन्नासच्या खाली धरून ठेवायचा. पन्नासच्या वर गेला तर ऑपरेशन, पाठीत सळ्या. सळ्या म्हटल्यावर पोरीने माझा हात धरला. डॉक्टर म्हणाले, "तीन वर्षं काढायची आहेत, बस."

आमचे हे लाँचवर इंजिन सांभाळतात. मासेमारी चालू असली की आठवडा-आठवडा समुद्रात. फोनवर त्यांना सगळं सांगितलं तर म्हणाले, "तुला कळतं तसं कर." आमच्या संसारात हे वाक्य मी हजार वेळा ऐकलंय आणि दर वेळी मला ते आवडायचं. शेजारणीने मात्र सल्ल्याची पेटी उघडली. "बाय गो, हवा शिरलीय पाठीत. आमच्या गावाला एक म्हातारा हाय, तेल लावून हाडा बसवतो. दोन बैठकीत सरळ करील." मी तिला म्हटलं, "तुझ्या नवऱ्याची जीभ सरळ करून आणली का त्याने?" त्यानंतर तिने सल्ला दिला नाही. मी काही अडाणी नव्हते. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मला नीट करायचं होतं.

आमच्या नशिबाने एस. टी. स्टँडजवळ वरच्या मजल्यावर एक फिजिओथेरपीवाल्या मॅडम होत्या, वयाने लहान, पुण्याला शिकून आलेल्या. पाठीच्या ह्याच दुखण्याचे व्यायाम त्या मुद्दाम शिकल्या होत्या. मी त्यांचा साखरपुड्याचा ब्लाउज शिवला होता, म्हणून ओळख. त्यांनी पहिल्या दिवशी एक गोष्ट समजावली. हिची उजवी बाजू फुगलीय तशी डावी बाजू आत दबलीय. तिथल्या फासळ्या एकमेकींना चिकटल्यासारख्या झाल्यात. साधा योग, साधी कवायत ह्याला उपयोगी नाही. आधी अंग ताणून उंच व्हायचं, मग कमरेतून सरळ व्हायचं आणि मग श्वास घ्यायचा तो फक्त त्या दबलेल्या बाजूत. बाकीकडे जाऊ द्यायचा नाही. "काकू, आपल्याला हिला आतून फुगवायचंय," मॅडम म्हणाल्या.

आतून फुगवायचं, हे ऐकायला सोपं आहे. तुम्ही करून बघा. पोरीला पहिले पंधरा दिवस ते जमलंच नाही. ती गाल फुगवायची, पोट फुगवायची, आणि डावी पाठ तशीच. मॅडम तिथे दोन बोटं टेकवायच्या आणि म्हणायच्या, "माझी बोटं ढकल." एके दिवशी बोटं हलली. खरंच हलली, मी पाहिली. पोरगी इतकी हसली की श्वास सुटला आणि परत पहिल्यापासून.

घरी माझा ट्रायलचा मोठा आरसा होता. त्याच्यासमोर चटई. मॅडमनी तांदळाच्या छोट्या पिशव्या करायला सांगितल्या होत्या, आडवं झाल्यावर कमरेखाली, खांद्याखाली ठेवायला. मी ब्लाउजपीसच्या उरलेल्या तुकड्यांच्या सहा पिशव्या शिवल्या, आत उकडा तांदूळ भरला आणि चारी बाजूंनी दुहेरी शिलाई मारली. रोज शाळेतून आली की पाऊण तास. मी मशीन बंद करून तिच्या मागे बसायची आणि श्वास मोजायची. खांदा जरा वर गेला की मला दिसायचा. कंबर पाव इंच सरकली तरी दिसायची. मॅडम एकदा म्हणाल्या, "काकू, तुमच्यासारखी नजर मला असती तर!" त्या कौतुकाने मी चार दिवस हवेत होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे आपल्याला दुसऱ्यांच्या बाबतीतच आठवतं.

ब्रेस कोल्हापूरला बनणार होता. मापाला मी गेले होते, पण तो आणायचा दिवस नेमका जूनच्या तोंडावर आला. माझ्याकडे दोन शाळांचे युनिफॉर्म कापून पडले होते. मासेमारी बंद झाल्याने हे घरी होते, म्हणून तेच पोरीला घेऊन गेले. ब्रेस बनवणाऱ्याने त्यांना पाऊण तास बसवून सगळं समजावलं म्हणे. संध्याकाळी परत आल्यावर मी विचारलं, काय काय सांगितलं? हे म्हणाले, "पट्टे ह्या काळ्या खुणेपर्यंत ओढायचे. आणखी पण बरंच सांगितलं, मॅडमना सगळं माहीत असेल." मॅडमना वाटलं, कोल्हापूरला समजावलंय. मीही काही विचारलं नाही. मापाच्या गोष्टीत मी कुणाला काय विचारायचं?

ब्रेस म्हणजे पांढऱ्या प्लॅस्टिकचं बिनबाह्यांचं चिलखत. पुढून तीन पट्टे. आतून उजव्या पाठीला जाड गादी, जिथे उंचवटा होता तिथे दाबणारी. आणि डाव्या बाजूला काहीच नाही. प्लॅस्टिक अंगापासून तीन बोटं लांब, आत नुसती पोकळी. पहिल्यांदा अंगावर चढवला तेव्हाच माझ्या कपाळावर आठी आली. इतका महागाचा ब्रेस आणि एका बाजूने असा ढगळ! असा ब्लाउज मी दिला असता तर गिऱ्हाइकाने माझ्या तोंडावर फेकला असता.

पहिले चार महिने तो तसाच घातला. उजव्या बाजूला कातडी लाल व्हायची, काळी पडायची. मॅडम म्हणायच्या, लाल होणं बरोबर आहे, जखम झाली तर सांगा. मी शिलाई नसलेले बनियन शिवून दिले. पोरगी कुरकुरायची, पण घालायची. मैदानावर तेवढा काढायची मुभा होती. दिवाळीनंतर शाळा सुरू झाली आणि एक दिवस ती घरी येऊन दप्तर न काढता कोपऱ्यात बसली. खूप विचारल्यावर म्हणाली, "मुली वाजवून बघतात." डाव्या बाजूला कुर्त्याखालून प्लॅस्टिक फुगलेलं दिसायचं आणि आत पोकळ असल्याने टिचकी मारली की डब्यासारखा आवाज यायचा. वर्गात येता-जाता मुली टिचक्या मारायच्या. तिला ब्रेस नको होता. खो-खो नको होता, शाळा नको होती. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली, तेही धड वाकता येत नव्हतं म्हणून अर्धवट.

मला पोरींचा राग आला, कोल्हापूरवाल्याचा आला. आणि मग मला जे येतं ते मी केलं.

ब्लाउजच्या कपांचा स्पंज माझ्याकडे ढीगभर होता. ती शाळेचा अभ्यास करत बसली होती तोवर मी ब्रेसच्या डाव्या बाजूचा कागदी नमुना काढला, स्पंजाचे चार थर कापले, कडा उतरत्या केल्या. वर जुन्या सुती साडीचं मऊ कापड. हवा यायला प्लॅस्टिकला भोकं होतीच, त्यांतून दोरा ओवून हाताने बारीक टाके घातले. एक टाका बाहेरून दिसत नव्हता. पोरीने ब्रेस चढवला. टिचकी मारली, आवाज नाही. कुर्ता वरून सरळ पडला. फक्त पट्टे आता खुणेपर्यंत पोचेनात आणि ओढले तर तिला दुखे. मग मी एक बोट लूज दिला. नेलपॉलिश काढायच्या पाण्याने जुनी खूण पुसली आणि नवीन खूण केली. पोरगी आरशात बघून म्हणाली, "आई, तू किती हुशार आहेस गं." मीही तेच म्हणत होते मनात.

पाच महिने. रोज पाऊण तास ती आरशासमोर डाव्या पाठीत श्वास भरायची, मी मोजायची. आणि मग मी तिच्यावर ब्रेस चढवायची. मॅडमकडे गेलो की ब्रेस काढून खुर्चीत ठेवायचो. आम्ही निघताना त्या पट्टे खुणेवर आहेत का ते बघायच्या आणि "छान" म्हणायच्या.

एप्रिलमध्ये पुन्हा एक्स-रे काढला. शेहेचाळीस अंश.  डॉक्टरांनी मॅडमना फोन लावला आणि आम्हाला तसंच तिकडे पाठवलं. मॅडमनी तिला पुढे वाकवून पाहिलं, पाठीवर हात फिरवला आणि मग पहिल्यांदा ब्रेस उचलून त्याच्या आत पाहिलं.

मला तो क्षण लख्ख आठवतो. खिडकीतून स्टँडवरची घोषणा ऐकू येत होती, दापोली गाडी लागली होती. मॅडमनी अंगठा त्या कापडावरून फिरवला. "हे काय आहे?"  "हे कुणी केलं?" मी तोंड उघडलं आणि मिटलं.  मी खाली फरशीकडे बघत राहिले. मॅडमनी पुन्हा विचारलं, ह्या वेळी मोठ्याने, "मी विचारतेय, हे कुणी केलं?"

"मी," पोरगी म्हणाली. "मुली हसायच्या. म्हणून मी लावलं. खूण पण मीच बदलली."

मॅडम तिच्यासमोर स्टुलावर बसल्या. "बाळा, ही जागा चुकून राहिलेली नव्हती. ही तुझ्यासाठी ठेवली होती. उजवीकडून गादी ढकलणार आणि तुझ्या फासळ्या इकडे ह्या जागेत येणार. म्हणून आपण रोज ह्याच बाजूला श्वास भरत होतो. तू तिथेच बोळा कोंबलास. दिवसातून पाऊण तास उघडायचं आणि वीस तास बंद करून ठेवायचं, असं झालं हे." पोरगी मान खाली घालून ऐकत होती. मग मॅडमचा आवाज चढला. "तुझी आई किती करते तुझ्यासाठी, बघतेस ना? तिचा तरी विचार करायचास!"

मी तरीही गप्प बसले. त्याला शब्दच नाही. लाज वाटली, भीती वाटली, असं काहीही म्हणता येईल, पण खरं एवढंच की रत्नागिरीत जिच्या फिटिंगला नाव आहे त्या बाईला ते नाव तेवढ्यातही सोडवेना. मॅडमनी फाईलमध्ये लिहिलं: रुग्णाने स्वतः ब्रेसमध्ये बदल केला, सूचना पाळल्या नाहीत. लिहिताना त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या साखरपुड्याच्या ब्लाउजला तशीच हातशिलाई होती. त्यांना कळलं असावं, असं मला अजून वाटतं. 

घरी येऊन मी ब्लेडने सगळे टाके उसवले.  करायला गेले गणपती आणि झाला मारुती, पण तो मारुती माझ्या मुलीच्या पाठीवर बसला होता. नंतर आम्ही दोघींनी जीव तोडून केलं. व्यायाम दोन वेळा, ब्रेस बावीस तास, पट्टे पहिल्या खुणेवर. उंची त्या वर्षी भराभर वाढली आणि कोन तिच्याबरोबर. त्रेपन्न झाला तेव्हा डॉक्टरांनी मुंबईचं पत्र लिहून दिलं. मी त्यांना आडून विचारलं, ते पाच महिने नीट गेले असते तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही. काहींचा ब्रेस नीट घालूनही वाढतो." त्यांना वाटलं, त्यांनी मला धीर दिला. हो किंवा नाही ऐकलं असतं तर मी कधीतरी झोपले असते.

ऑपरेशन नीट झालं. दहावीचं वर्ष होतं. मानेखालपासून कमरेपर्यंत एक सरळ शिवण आणि आत सळ्या. पट्टी बदलताना मी ती पाहिली, टाके अगदी सारख्या अंतरावर होते. पोरगी दोन इंच उंच दिसू लागली. पण पाठीचा तेवढा भाग आता वाकत नाही. खाली पडलेली वस्तू उचलायची तर ती गुडघ्यात बसते. खो-खो सुटला तो सुटलाच. संघातल्या मुली भेटायला आल्या होत्या, त्यांत टिचक्या मारणाऱ्याही होत्या. त्या आपल्या रडल्या आणि गेल्या.

तिच्या बापाला आजही वाटतं की पोरीने हट्टाने ब्रेस बिघडवला. एकदा जेवताना ते सहज म्हणाले, "तेव्हा ऐकलं असतंस तर ही पाळी आली नसती." तिने आमटी वाढून घेतली. मी भाताचं भांडं उचलून आत गेले.

आता ती एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजला जाते. गेल्या महिन्यात कंबर दुखायला लागली म्हणून पुन्हा व्यायाम सुरू केले. त्या मॅडम लग्न होऊन गेल्या, त्यांच्या जागी एक तरुण मुलगा आहे, डॉक्टर म्हणतो स्वतःला. त्याने जुनी फाईल चाळली, ते पान वाचलं आणि हसून म्हणाला, "सूचना पाळल्या नाहीत! ह्या वेळी असं चालणार नाही हं." पोरगीही हसली. म्हणाली, "तेव्हा लहान होते, अक्कल नव्हती." मी बाजूच्याच खुर्चीत बसले होते, पर्स मांडीवर घेऊन.

परतताना रिक्षा केली. मारुती मंदिराच्या चौकात गर्दीत रिक्षा अडकली आणि मी तिच्याकडे न बघता विचारलं. पाच वर्षांत पहिल्यांदा. "तू तेव्हा माझं नाव का नाही घेतलंस गो?"

ती बाहेर बघत होती. माझ्याकडे नीट वळायचं तर तिला सगळं अंग वळवावं लागतं, म्हणून ती वळली नाही.

"मी थांबले होते," ती म्हणाली. "मॅडमनी दोनदा विचारलं ना. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला वाटलं, तू सांगशील. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा पण तू खालीच बघत होतीस. मग मी बोलले."